कागदावर बेतलेली षटकोनी गोधडी: धावदोरा येणाऱ्या नवख्यांसाठी

खान्देशात गोधडी शिवायला कुणी क्लास लावत नाही. आईच्या नाहीतर सासूच्या शेजारी बसता बसता धावदोरा हाताला लागतो. जुनी लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी एकावर एक अंथरल्या की सुई चालायला लागते. षटकोनांची गोधडी मात्र वेगळ्या जातीची. तिच्यात तळहाताहून लहान असे शेकडो तुकडे कडेला कड लावून जोडायचे असतात, आणि एक तुकडा अर्धा सूत मोठा निघाला तरी शेजारच्या सहाही तुकड्यांना त्रास देतो. धावदोरा पक्का असलेल्या बायकासुद्धा इथे अडतात, कारण कापड हातात सरकतं आणि तिरपं ओढलं की लांबतं.

इंग्लिश पेपर पीसिंग या पद्धतीत यावर साधा तोडगा आहे. प्रत्येक तुकड्याच्या पोटात नेमक्या मापाचा कागद घालायचा, कापडाच्या कडा त्यावर दुमडून टाचायच्या, असे तुकडे हाताने एकमेकांना जोडायचे आणि शेवटी कागद काढून घ्यायचे. कापड ताणलं जातं, कागद ताणला जात नाही. बस, एवढंच त्यातलं गुपित. मशीन लागत नाही, मोठं टेबल लागत नाही. सगळं सामान एका डब्यात मावतं आणि एसटीतही हात चालू ठेवता येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या कामात टाका सोपा आहे. नव्या बायका नेमका त्यालाच घाबरतात आणि कागद मात्र भाजी चिरावी तसे भराभर कापतात. उलट करा. कागद कापताना आणि कापड दुमडताना जेवढा जीव ओताल, तेवढी पुढची शिवण आपसूक सरळ येते. कागद चुकला तर जगातला सगळ्यात देखणा टाकाही ती गोधडी सपाट बसवू शकत नाही.

इंग्लंडात ही पद्धत जुनी आहे. तिथल्या क्विल्टर्स गिल्डच्या, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्यांच्या संघटनेच्या, संग्रहात १७१८ सालचं एक रेशमी पांघरूण आहे, ते कागदावर बेतूनच शिवलेलं आहे आणि त्याचे कागद अजून आत आहेत. षटकोनाचा नमुना १८३५ मध्ये अमेरिकेतल्या एका बायकांच्या मासिकात छापून आला, आणि १९२०-३०च्या दशकांत मधे एक तुकडा, भोवती सहा पाकळ्या अशी फुलांची मांडणी तिकडे घरोघर पोचली. कागद तेव्हा मुद्दाम विकत आणत नसत. जुनी पत्रं, हिशेबाची पानं, मुलांच्या वह्या, जे हाताला लागेल ते कापायचं. अर्धवट राहिलेल्या कामांच्या पोटातल्या कागदांवरच्या तारखा वाचून आज अभ्यासक त्यांच्या वयाचा अंदाज बांधतात. आपण लग्नपत्रिका कापणार आहोत, तेव्हा गोधडी मधेच टाकून दिलीत तर ती कोणाच्या लग्नानंतर सुरू झाली होती हे नातवंडांना छापील कळेल.

माप कोणतं घ्यायचं

षटकोनाचं माप म्हणजे त्याच्या एका बाजूची लांबी. ‘दीड इंची षटकोन’ म्हटलं की प्रत्येक बाजू दीड इंच. टोकापासून समोरच्या टोकापर्यंत तो ३ इंच भरतो आणि सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत साधारण २.६ इंच.

पहिल्या खेपेला दीड इंचच घ्या. एक इंची दिसायला नाजूक असतात, पण ३६ बाय ४५ इंचांच्या बाळाच्या दुपट्याला ते सव्वासहाशेच्या आसपास लागतात. उत्साह तेवढा टिकत नाही. दोन इंची घेतले तर दीडशे-पावणेदोनशेत काम होतं, मात्र मोठ्या तुकड्याची कड ढिली राहते आणि टाचायला जास्त टाके लागतात. दीड इंचाचे हिशोबाने २८० लागतात: एका ओळीत १४, अशा २० ओळी. एका ओळीची रुंदी छत्तीस इंचांच्या किंचित वर जाते, एकूण लांबी पावणेसेहेचाळीस. एका माणसाच्या अंगावर घ्यायची ६० बाय ९० इंचांची गोधडी हवी असेल तर हेच तुकडे नऊशेच्या पुढे जातात. म्हणून सुरुवात दुपट्यापासूनच बरी. घरात बाळ नसलं तरी भाचरं-पुतणी कुणाची ना कुणाची होतच असतात.

वेळेचाही अंदाज देते, म्हणजे नंतर कुणी मला बोल लावायला नको. २८० तुकड्यांत जवळजवळ पावणेआठशे जोड येतात. दीड इंचाचा एक, म्हणजे सगळे मिळून २९ मीटर शिवण. इंचाला १२ टाके धरले तर आकडा चौदा हजारांच्या घरात जातो. नवख्या हाताला टाचणं आणि जोडणं धरून साठ-सत्तर तास लागतील. रोज तासभर बसलात तर दोन-अडीच महिने. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यावर सुरू करून श्रावणात कानबाई देवी घरी बसेपर्यंत वरचा थर तयार, असा बेत आपल्याकडे छान जमतो. एप्रिल-मेच्या दुपारी जळगाव-भुसावळच्या उन्हात घराबाहेर पडायची सोय नसतेच.

कागद

पोरांच्या कंपासपेटीतलं कर्कटक घ्या. ते दीड इंच उघडा आणि वर्तुळ काढा. कर्कटक तसंच ठेवून वर्तुळाच्या कडेवर कुठूनही खुणा करत जा. सहाव्या खुणेला बरोब्बर सुरुवातीच्या ठिकाणी येता, कारण वर्तुळाची त्रिज्या आणि आत बसणाऱ्या षटकोनाची बाजू सारखीच असते. शाळेत हे सगळ्यांनी केलेलं असतं, तेव्हा त्याचा उपयोग कुणी सांगितला नाही एवढंच. सहा खुणा पट्टीने जोडल्या की षटकोन तयार. सहावी खूण पहिलीवर पडली नाही तर कर्कटक मधे सरकलं आहे. पुन्हा काढा, तेवढ्यावर भागवू नका.

हा पहिला षटकोन म्हणजे साचा. तो कागदाचा ठेवलात तर पन्नास वेळा पेन्सिल फिरल्यावर त्याचे कोपरे झिजतात आणि पन्नासावा तुकडा पहिल्याहून लहान निघतो. म्हणून साचा जुन्या एक्स-रे फिल्मचा कापा. प्रत्येक घरात कुणाच्या तरी गुडघ्याची फिल्म कपाटाच्या वर पडलेली असते. ती झिजत नाही, आणि तिच्यातून आरपार दिसत असल्याने कापडावरचं एखादं फूल नेमकं मधे आणता येतं.

आता तुकड्यांचे कागद. हवा पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद. वहीचा साधा कागद दुमडताना वाकतो, खोक्याचा पुठ्ठा इतका जाड की कडेला टाका घेताना सुई अडते. वर्तमानपत्र नकोच, शाई फिक्या कापडाला लागते. लग्नपत्रिका या कामाला उत्तम, आणि लग्नसराई संपली की खान्देशातल्या कुठल्याही घरात त्यांचा गठ्ठा निघतो. फक्त दोन प्रकार बाजूला काढा: सोनेरी चमकी झडणाऱ्या, आणि डब्यासारख्या जाड मखमली. साध्या एकपदरी पत्रिका ठेवा. जुन्या वह्यांची कव्हरंही चालतात.

साचा ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीने आखा आणि रेषेच्या आतल्या कडेने कापा. रेषा कागदावर राहिली तर प्रत्येक तुकडा पेन्सिलीच्या जाडीएवढा फुगतो. एका वेळी एकच कागद कापा. तीन-चार एकत्र धरून कापले की खालचे सरकतात. कापडाची कात्री इथे वापरू नका, कागदाने तिची धार जाते. घरातल्या कात्रीवर हक्क कुणाचा, हा वाद त्या निमित्ताने होईल तो होऊ द्या.

सगळे २८० कागद एकदम लागत नाहीत. सत्तर-ऐंशी कापा, पुढे लागतील तसे आणखी. आतले तुकडे चहूबाजूंनी जोडले गेले की त्यांचे कागद मोकळे होतात आणि पुढच्या तुकड्यांना वापरता येतात. एक कागद चार-पाच वेळा सहज चालतो, कोपरे मऊ पडले की टाकून द्या.

पुढे जाण्याआधी एक परीक्षा घ्या. एक कागद मधे ठेवा आणि भोवती सहा लावा. कुठे फट दिसली किंवा कडा एकमेकींवर चढल्या तर कापणी चुकली आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि हिच्यावर सगळी गोधडी उभी आहे.

कापड

सुती घ्या. पॉलिस्टर कागदावर घडीच धरत नाही, दुमडलं की उसळून परत येतं. आता ओटी भरताना आलेले ब्लाउजपीस काढा. प्रत्येकीकडे एक गाठोडं असतंच, आणि त्यातले निम्मे कधी शिवले जात नाहीत. दुर्दैवाने त्यांतले बरेच सुती नसतात. ओळखायचं असेल तर दोन धागे उपसून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटांत चुरगळणारी राख ठेवतो. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि कडक काळा मणी होऊन बसतं. मिसळीच्या कापडात दोन्ही लक्षणं दिसतात, तेही ठेवू नका.

विकत घ्यायचं असेल तर मॅचिंग सेंटरमधलं टू बाय टू रुबिया किंवा सुती पॉपलिन बरं. जळगावच्या फुले मार्केटात नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर हवा तो रंग मिळतो. टेलरकडचं कातरण फुकट मिळतं, मात्र त्यात वेगवेगळ्या पोताची कापडं येतात. जाड आणि झिरझिरीत कापड शेजारी शेजारी जोडलं तर जाड जिंकतं आणि झिरझिरीत काही धुलाईंत टाक्यापाशी फाटतं. एका पोताचं निवडून घ्या. जुन्या सुती साडीचा पदर चालतो. खांद्यावर आणि बसण्याच्या जागी विरलेला भाग सोडून द्या. उजेडासमोर धरलं की कळतंच.

कापण्याआधी सगळं कापड धुवा. लाल, मरून आणि गडद निळं वेगळं भिजवा आणि ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. डाग उमटला तर तो रंग पांढऱ्याच्या शेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात घातल्याने रंग पक्का होतो असं घराघरांत सांगतात, आजच्या रंगांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. वाळल्यावर इस्त्री करा. हलकी खळ दिलीत तर दुमडायला फार सोपं जातं.

तुकडे षटकोनी कापायची गरज नाही. पावणेचार इंचांचे साधे चौकोन कापा, कागद मधे ठेवल्यावर भोवती पाव इंचाहून थोडं जास्त कापड उरतं. एका ब्लाउजपीसमधून असे सत्तरेक चौकोन निघतात. दुमडताना कोपरे फार बाहेर आले तर छाटून टाका. पाव इंचापेक्षा कमी ठेवू नका, कापडाचे धागे सुटले की शिवण उसवते.

दुमडणं आणि टाचणं

इथे थोडं सावकाश जाऊ. कापड उलटं करून समोर ठेवा, मधोमध कागद, आणि एका टाचणीने दोन्ही एकत्र धरा. तुमच्याकडची कड कागदावर दुमडा आणि नखाने दाबत न्या. कापडाची घडी आणि कागदाची कड यांत पोकळी राहता कामा नये. मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढची कड दुमडा. कोपऱ्यावर पहिल्या घडीवर दुसरी घडी येऊन बसते. या दुहेरी घडीतून सुई घाला आणि त्याच जागी दोन बारीक टाके घ्या. सुई फक्त कापडाच्या घड्यांतून जाते, कागदाला लागत नाही. दोरा न तोडता मागून तसाच पुढच्या कोपऱ्यावर न्या. तिसरी कड, दोन टाके. असे सहा कोपरे झाले की सुरुवातीची घडी शेवटच्या घडीखाली धरून बंद करा.

कागदातून टाका न घेण्याचा फायदा नंतर कळतो. हे टाके कधीच उसवायचे नसतात. ते मागच्या बाजूला तसेच राहतात आणि कागद नुसता ओढला की येतो. कागदासकट टाचलं तर शेवटी एकेक दोरा उपसत बसावं लागतं. दोन इंचांच्या षटकोनात मात्र कडेचा मधला भाग सैल राहतो, तिथे कागदातून एक मोठा टाका घ्यावाच लागतो. त्यासाठी भडक रंगाचा दोरा वापरा, म्हणजे नंतर काढताना दिसतो.

दोऱ्याऐवजी गोंदकांडीने चिकटवण्याची पद्धतही आहे. फेविस्टिकचा बारीक ठिपका कागदावर द्यायचा आणि कड दाबायची. काम निम्म्या वेळात होतं. पण आपल्याकडे मे महिन्यात ती कांडी डब्यात लोण्यासारखी मऊ होते, नको तितकी लागते, आणि वाळल्यावर कडेचं कापड कडक होऊन सुई जड जाते. कागदही पुन्हा वापरण्याजोगे राहत नाहीत. थंडीच्या महिन्यांत वापरून पाहायला हरकत नाही. मला स्वतःला दोराच बरा वाटतो.

कड कागदाला नीट बिलगली आहे की नाही हे तुकडा उलटवून समोरून पाहा. सहा टोकं टोकदार दिसायला हवीत. एखादं टोक गोलसर दिसलं तर तिथली घडी सैल आहे. ते आत्ताच सोडवा, जोडल्यावर तिथे बारीक भोक पडतं.

या टप्प्याचं काम कितीही गप्पांत चालतं. अंगणात बिबडे (ज्वारीचे पापड) राखत बसलेल्या बायका पाच-पाच चौकोन घेऊन टाचत गेल्या तर आठवड्याभरात डबा भरतो. सुरुवातीला एखादी शेजारीण हमखास म्हणणार, “काय वं माय, कागदनी गोधडी शिवी र्‍हायनी का?” तिच्या हातात एक तुकडा आणि सुई द्या, प्रश्न तिथेच मिटतो.

जोडणं

सुई बारीक हवी, ९ किंवा १० नंबरची. गोधडीची जाड सुई इथे भोकं पाडते. दोराही गोधडीचा नको, साधा शिवणाचा बारीक घ्या आणि बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत येईल एवढाच ओवा. लांब दोरा कागदाच्या कडेवर घासून पिसारतो आणि गाठी पडतात. रंगाचं म्हणाल तर प्रत्येक तुकड्याला जुळणारा दोरा बदलत बसू नका. फिक्या कापडांना फिका राखाडी आणि गडदांना गडद राखाडी, दोन रिळांत सगळं निभावतं.

दोन तुकडे सुलट बाजू एकमेकींकडे करून धरा, कोपऱ्याला कोपरा. गाठ आतल्या घडीत लपवा. कोपऱ्यावर दोन टाके एकाच जागी घ्या, मग काठावरून वेढे घेत पुढे जा: मागच्या तुकड्याच्या घडीचे दोन-तीन धागे, पुढच्याचे दोन-तीन धागे, दोरा ओढा, पुन्हा मागून पुढे. सुई कागदाच्या वरून घसरत गेली पाहिजे. कागदात घुसली की बोटाला लगेच कडकपणा जाणवतो, मागे घ्या आणि थोडी वरून घाला. इंचाला बारा ते पंधरा टाके ठेवा. दुसऱ्या कोपऱ्यावर परत दोन टाके. उघडून पाहिलं तर सुलट बाजूला टाके अगदी बारीक ठिपक्यांसारखे दिसतील, पूर्ण अदृश्य होत नाहीत आणि व्हायची गरजही नाही. फार ठळक दिसत असतील तर एक तर धागे जास्त पकडता आहात, नाहीतर दोरा करकचून ओढता आहात. करकचल्याने जोडावर सुरकुती येते आणि ती इस्त्रीनेही जात नाही.

पहिलं फूल असं करा. मधला तुकडा हातात घ्या, त्याच्या एका बाजूला पहिली पाकळी जोडा. दुसरी पाकळी मधल्याच्या पुढच्या बाजूला जोडा, आणि तिच्या कोपऱ्यावर आल्यावर दोरा न तोडता वळा: आता दोन पाकळ्यांच्या शेजारच्या बाजू जुळवायच्या आहेत. त्या जुळत नाहीत असं वाटेल, कारण मधला तुकडा आडवा येतो. त्याला कागदासकट मधोमध दुमडा. कागदाला घडी पडली तरी काही बिघडत नाही, नंतर सरळ होतो. मशीनवर शिवणाऱ्याला असं वळण अवघड जातं, हाताला ते सहज जमतं. षटकोनात प्रत्येक कोपऱ्यावर तीनच तुकडे भेटतात आणि प्रत्येकाचा कोन १२० अंशांचा असतो, म्हणून टोकाला घड्यांचा गठ्ठाही होत नाही. त्रिकोण किंवा चौकटीच्या नमुन्यांपेक्षा हा आकार नवख्यांना सोपा पडतो तो यामुळे.

एका फुलाला सात तुकडे आणि बारा जोड. भोवती आणखी एक फेर घ्यायचा असेल तर १२ तुकडे लागतात, एकूण १९. आधी सगळी फुलं करून ठेवा आणि मगच ती एकमेकांना जोडा. मधे फिक्या रंगाच्या तुकड्यांची वाट सोडलीत तर फुलं उठून दिसतात, नाहीतर सगळे रंग एकमेकांत भांडतात. मांडणी जमिनीवर पसरून मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. डोळ्याला रंग फसवतात, करड्या छटांत गडद-फिकं लगेच कळतं. आणि फोटो ठेवाच. रात्री घरातलं कुणीतरी त्याच्यावरून चालत जाणार, हे गृहीत धरा.

कागद काढणं आणि कडा

नियम एकच: ज्या तुकड्याच्या सहाही बाजू जोडल्या आहेत त्याचाच कागद काढा. आधी काढला की ती बाजू हातात ताणते आणि पुढचा जोड वाकडा येतो. काढण्याआधी उलट बाजूने इस्त्री फिरवा, घड्यांना वळण बसतं. मग हेअरपिनचं टोक कागदाखाली घालून उचला. अडला तर कुठेतरी टाका कागदात गेला आहे. खेचू नका, मागून तो टाका शोधा.

बाहेरच्या ओळीचे कागद शेवटपर्यंत आत राहतात. कड दातेरी असते, तिचं काय करायचं यावर मतं अनेक. मला सगळ्यात सोपा वाटतो तो मार्ग: चारी बाजूंना चार-पाच इंचांच्या साध्या पट्ट्या घ्या, वरचा थर त्यांवर ठेवा, कड टाचून घ्या आणि बारीक हेम घालून षटकोनांची कड पट्टीवर बसवा. त्यानंतर कागद काढा. सरळ कापायचंच असेल तर कापण्याच्या रेषेच्या आत आधी दाट धावदोरा घाला, नाहीतर कापलेले जोड उसवत जातील.

अस्तर, भरण, धावदोरा

इथून पुढचं काम तुम्हाला येतंच. खाली अस्तर, मधे भरण, वर षटकोन. अस्तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं ठेवा. भरणाला पिंजाऱ्याकडची रुई घालता येते, कापसाच्या मुलखात ती मिळायला अडचण नाही. पण नुसती रुई धुताना गोळा होते. दुपट्याला जुन्या मऊ सुती साडीचे दोन-तीन पदर पुष्कळ झाले. खान्देशची थंडी डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरती, एरवी जाड गोधडी कोपऱ्यात पडून राहते.

तिन्ही थर जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा आणि वीतभर अंतराने मोठे कच्चे टाके घाला. आपल्याकडे पुष्कळ जणी गोधडीला काठापासून सुरुवात करून आत येतात. इथे उलट करा, मधून बाहेर या. वरचा थर तुकड्यांचा असल्याने काठाकडून आलात तर जादा कापड मधे साचून फुगा येतो. प्रत्येक षटकोनाच्या आत, शिवणीपासून पाव इंच सोडून धावदोरा फिरवा. शिवणीच्या अगदी जवळ गेलात तर मागच्या दुहेरी घड्या लागतात आणि सुई रुतते. आता सुई ७ किंवा ८ नंबरची आणि दोरा जाड घ्या, अंगुस्तान विसरू नका. एवढं बारीक नको असेल तर आडव्या सरळ ओळींत आपला नेहमीचा धावदोरा घाला. तो षटकोनांवर सुंदर दिसतो, आणि त्याने ती गोधडी आपल्याकडची वाटते.

शेवटी कडेला गोट. अडीच इंच रुंदीची पट्टी दुहेरी दुमडून सुलट बाजूने धावदोऱ्याने लावा, मागे वळवून हेम घाला. कडा सरळ आहेत, म्हणून तिरपी पट्टी काढायची गरज नाही.

धुताना थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. वाळत घालताना दोरीवर लोंबकळत ठेवू नका, ओल्या वजनाने जोड ताणले जातात. खाटेवर आडवी पसरा आणि खाट सावलीत ओढा, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाल आणि निळा रंग एका हंगामात फिका पडतो.